अंगणवाडीत नाव घालण्याआधी तिथे तासभर बसून या

नगरपालिकेच्या गावात मूल तीन वर्षांचं होत आलं की घरात एकच चर्चा सुरू होते: पोराला घालायचं कुठे? बसस्टँडजवळ भिंतीवर कार्टून रंगवलेल्या दोन-तीन नर्सऱ्या असतात, त्यांची व्हॅन दारात येते, टाय मिळतो. आणि गल्लीच्या टोकाला, समाजमंदिरात किंवा कुणाच्या तरी भाड्याच्या खोलीत, अंगणवाडी असते. तिला आपण ‘खिचडीची शाळा’ म्हणतो आणि पुढे जातो. मीही गेलो होतो. पहिल्या मुलीच्या वेळी आत डोकावूनही न पाहता वर्षाची फी भरून मोकळा झालो. धाकट्याच्या वेळी आशाताई पोलिओच्या डोसाला आल्या, त्यांच्यामागोमाग सहज अंगणवाडीत गेलो आणि तासभर बसलो. त्या तासानंतर मी जे शिकलो, विचारलं, अर्ज करून मिळवलं आणि काही बाबतींत मिळवूही शकलो नाही, ते इथे क्रमाने लिहितो. मोठ्या शहराची गणितं वेगळी असतात, खेड्याची वेगळी. हे वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावासाठी आहे.

आधी आपली अंगणवाडी कोणती ते शोधा

खेड्यात हा प्रश्नच नसतो. तिथे अंगणवाडी म्हणजे शाळेशेजारची खोली, आणि कारभार जिल्हा परिषदेच्या महिला व बालविकास विभागाचा. नगरपालिकेच्या हद्दीतल्या अंगणवाड्या मात्र नागरी बालविकास प्रकल्पाखाली येतात. असा एक प्रकल्प अनेकदा दोन-चार गावांना मिळून असतो आणि त्याचं कार्यालय तुमच्या गावात असेलच असं नाही. २०१४ नंतर तालुक्याची कितीतरी गावं ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, त्यामुळे कोणती अंगणवाडी कुणाकडे यात लोकांचा गोंधळ होतो. नगरपालिकेत विचारलं तर ‘पंचायत समितीत जा’ म्हणतात, पंचायत समितीत विचारलं तर उलटं. हे हेलपाटे वाचवायचे असतील तर अंगणवाडीच्या दारावरचा फलक वाचा. त्यावर प्रकल्पाचं नाव आणि अंगणवाडीचा क्रमांक असतो. पुढच्या प्रत्येक अर्जात तो क्रमांक लागणार आहे, तेव्हा फोटो काढून ठेवा.

प्रत्येक अंगणवाडीचं ठरलेलं कार्यक्षेत्र असतं, साधारण ४०० ते ८०० लोकवस्तीमागे एक. अडचण नव्या वस्तीत येते. शेतात प्लॉटिंग होतं, घरं उभी राहतात, पण अंगणवाडीच्या सर्वेच्या वहीत ती वस्ती नसते. तुम्ही अशा ले-आउटमध्ये राहत असाल तर जवळच्या अंगणवाडीच्या ताईंना, म्हणजे सेविकांना, सांगून आपल्या कुटुंबाची नोंद करून घ्या. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं उत्तर मिळालं तर ‘मग कुणाच्या हद्दीत येतं?’ एवढंच विचारा. सुपरवायझर मॅडम, म्हणजे मुख्यसेविका, यांना ते सांगावंच लागतं. कामासाठी काही महिन्यांपुरते गावात आलेल्यांनीही मुलांची नोंद करून घ्यावी. वीटभट्टी-बांधकामावरच्या कुटुंबांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणि वस्तीत अंगणवाडीच नसेल तर? तर मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या निकालात सांगितलं आहे की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथल्या खेडुतांना किंवा झोपडपट्टीवासीयांना मागणीपासून तीन महिन्यांच्या आत ती मिळाली पाहिजे. चाळीस मुलांची नावं, जन्मतारखा आणि पालकांच्या सह्या असा एक कागद करायला दोन रविवार पुरतात. त्यानंतर पाठपुरावा करावा लागतो, आणि त्याला रविवार पुरत नाहीत.

वयाचं गणित

अंगणवाडीला जून-जुलैचा प्रवेश नसतो. मूल पोटात असतानाच आईची नोंद होते, सहा महिन्यांपासून बाळाचा घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, सुरू होतो आणि तीन पूर्ण झाली की मूल रोज येऊन बसू लागतं. त्यामुळे ‘प्रवेश संपले’ हे वाक्य अंगणवाडीत चालत नाही.

पहिलीसाठी मात्र महाराष्ट्रात ३१ डिसेंबर ही तारीख धरतात. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल त्या जूनमध्ये पहिलीत बसू शकतं. उदाहरणार्थ, ऑक्टोबर २०२२ चं मूल जून २०२८ मध्ये पहिलीला पात्र होतं, पण शाळेत पाऊल टाकताना त्याचं वय पाच वर्षं आठ महिनेच असतं. अशा मुलाला आणखी एक वर्ष अंगणवाडीत ठेवलं तर काही बिघडत नाही. शेजारणीचा मुलगा पुढे गेला एवढाच तोटा.

कागदपत्रांत जन्मदाखला, आईचं आधार आणि चालू मोबाइल नंबर लागतो, कारण नोंद पोषण ट्रॅकर या अॅपवर होते आणि ओटीपी येतो. बाळाचं आधार नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर जाऊ नका. आईच्या आधारावर नोंद होते. टीएचआरची पाकिटं घेताना आता चेहरा पडताळणीही लागते, तेव्हा पाकीट आणायला आजीला पाठवून भागेलच असं नाही. कुणी जायचं ते ताईंना आधीच विचारून ठेवा.

तो एक तास

आता मुख्य काम. साधारण अकराच्या सुमाराला, न कळवता पण नमस्कार करून, जा आणि कोपऱ्यात बसा. ‘मुलाचं नाव घालायचंय, थोडा वेळ बघू का?’ एवढं पुरतं. मला कुणी नाही म्हटलं नाही.

पहिल्यांदा डोकी मोजा. मग भिंतीवरच्या तक्त्यावर पट किती लिहिलाय ते बघा. पट तीस आणि समोर नऊ मुलं, हे दृश्य लहान गावात नवं नाही. बाकीची एकवीस मुलं खोटी असतात असंही नाही. ती व्हॅनमधून नर्सरीत गेलेली असतात आणि त्यांचं नाव वजन-लसीकरणासाठी इथे असतं. पण एका दिवसावरून मत बनवू नका. बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत, उपासाच्या दिवशी आकडा पडतोच. मी तीन वेगवेगळ्या वारी गेलो: नऊ, चौदा, अकरा. अकरा हा माझ्यासाठी खरा पट.

मग आवाज ऐका. चांगल्या अंगणवाडीत गलका असतो, पण तो मुलांचा. वाईट अंगणवाडीत एकतर शांतता असते, हाताची घडी तोंडावर बोट, नाहीतर एकसुरात ‘ए फॉर अॅपल’ची माळ. ताईंनी तासाभरात किती मुलांशी नाव घेऊन, समोरासमोर, एका वाक्यापेक्षा जास्त बोलणं केलं ते मोजा. हा माझा सगळ्यात भरवशाचा आकडा. ‘काय रे, काल कुठं गेला होतास? मामाकडं? मामाकडं शेळी आहे का? किती?’ यात भाषा आहे, आठवण आहे आणि मोजणीही आहे. वहीत ‘अ’ वीस वेळा गिरवण्यात यातलं काहीच नाही.

पालक म्हणून आपण नेमकं उलटं बघतो. वही भरली का, पोयम पाठ झाली का. तीन-चार वर्षांच्या मुलाची बोटं पेन्सिल धरायला पुरती तयार नसतात. त्याला आधी माती मळायची, मणी ओवायचे, चिंचोके वेचायचे, कागद फाडायचे असतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ हे वय एकच पायाभूत टप्पा मानलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्याने खेळ हाच शिकण्याचा मार्ग धरला. आपल्याकडच्या अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ नावाचा बालशिक्षणाचा अभ्यासक्रमही आहे. ताईंना ‘आकारमधलं या आठवड्यात काय चाललंय?’ असं विचारा. उत्तर काय येतं यापेक्षा, त्यांचा चेहरा खुलतो की पडतो यावरून बरंच कळतं.

आणखी काही गोष्टी चालता चालता बघा. खेळणी कपाटावर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली आहेत की मुलांच्या हाताला लागतात? चित्रं मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आहेत की छताजवळ? तीन वर्षांचं आणि साडेपाच वर्षांचं मूल एकच गोष्ट करतंय का? पाण्याचा माठ झाकलेला, संडास उघडा म्हणजे कुलूप न लावलेला, दाराबाहेर गटार किंवा रस्ता किती पावलांवर. ताई मोबाइलमध्ये माहिती भरत असतील तर तेवढ्यावरून राग धरू नका, पण किती वेळ भरत होत्या ते घड्याळात बघा. आमच्याकडे एका तासातली पंचवीस मिनिटं गेली होती.

हाच तास नर्सरीतही बसून बघा. तिथे बसू देत नसतील तर तेही एक उत्तरच झालं.

खाऊ आणि वजन

तीन ते सहा वयाच्या मुलाला वर्षाचे ३०० दिवस सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळायला हवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तो हक्क केला. दिवसाला ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं असं माप त्यात ठरवलं गेलं. त्यासाठीचा खर्च २०१७ मध्ये मुलामागे दिवसाला ८ रुपये धरला, तीव्र कुपोषित मुलासाठी १२. आठ रुपयांत आज चहासुद्धा येत नाही. हे लक्षात ठेवून खाऊ चाखा, म्हणजे चाखाच. मटकीची उसळ, लापशी, खिचडी, उपमा जे असेल ते. डाळ दिसते का, पातळ पाणी आहे का, फलकावर आज काय लिहिलंय आणि ताटात काय आहे. आहार बचत गट शिजवत असेल तर त्या बायका बहुधा तुमच्याच गल्लीतल्या असतात. आधी त्यांच्याशी बोला. आमच्याकडे मुलं खिचडी टाकत होती, कारण तिखट जास्त होतं. तक्रारवही काढायची वेळ आली नाही, एका दुपारच्या गप्पांत ते मिटलं.

वजनाच्या दिवशी शक्यतो हजर राहा. मुलाला काट्यावर चप्पल-स्वेटरसकट उभं केलं जातंय का, आकडा वाचून लिहिला जातोय की मागच्या महिन्यात शंभर ग्रॅम मिळवून लिहिला जातोय, हे तिथेच कळतं. वजन-उंचीचा आकडा माता-बाल संरक्षण कार्डावर स्वतः लिहून घ्या. दंडाची पट्टीही असते. पाच वर्षांखालच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर ते तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मधे मध्यम. पहिल्या प्रकारात ‘पुढच्या महिन्यात बघू’ ऐकून घेऊ नका, त्याच आठवड्यात सरकारी दवाखाना गाठा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. डोळे, कान, दात, हृदयाचे दोष, उशिरा बोलणं हे सगळं ते मोफत तपासतात आणि पुढे पाठवतात. पथक कधी येणार हे ताईंना विचारून ठेवा. मूल नर्सरीत जात असलं तरी अंगणवाडीत नाव असू द्या आणि त्या दिवशी त्याला तिथे घेऊन जा.

कमी दिसलं तर काय करायचं

आधी ताईंची बाजू समजून घ्या. ताई म्हणजे मानधनावरची बाई. मुलं सांभाळायची, सर्वे करायचा, गरोदर बायकांची नोंद ठेवायची, पाकिटं वाटायची, अॅप भरायचं, वर निवडणुकीच्या यादीचं काम आलं तर तेही. मानधनवाढीसाठी राज्यभरातल्या ताईंनी ४ डिसेंबर २०२३ पासून संप केला, तो पुढच्या जानेवारीच्या अखेरीपर्यंत चालला. आमच्या वॉर्डातली काही मुलं त्या दिवसांत नर्सरीत गेली ती परत आलीच नाहीत. दोष ताईंचा म्हणवत नाही. पण पट का गळतो याचं ते एक कारण आहे.

म्हणून पहिली पायरी कागदाशिवायची. ‘ताई, कशाची अडचण आहे?’ आम्हाला मिळालेली उत्तरं: खोलीला पंखा नाही, मदतनीसताई आजारी आहेत, खेळण्याचा संच कधीचा तुटलाय, पावसात दारात चिखल होतो. यातलं निम्मं गल्लीतच सुटलं. एकाने जुना पंखा दिला, सुताराने लाकडाचे उरलेले तुकडे घासून ठोकळे करून दिले, एका आजींनी शनिवारी गोष्ट सांगायचं कबूल केलं. या आजींनी पट जेवढा वाढवला तेवढा कुठल्याही योजनेने वाढवला नसेल.

दुसरी पायरी समिती. प्रत्येक अंगणवाडीला देखरेख आणि मदतीसाठी स्थानिक समिती असायला हवी आणि तिच्यात पालक असतात. बहुतेक ठिकाणी ती वहीत असते. ‘समितीची पुढची बैठक कधी?’ असं विचारा आणि बैठकीला जा. नगरसेवक आले तर चिखल आणि दिव्याचा विषय तिथेच काढा. रस्ता-गटार हे त्यांच्या हातातलं काम आहे, बालविकास प्रकल्पाच्या नाही.

तिसरी पायरी अर्ज. तो मुख्यसेविकांमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना करायचा. भावना कमी, तारखा जास्त. ‘अंगणवाडी क्र. अमुक. दिनांक अमुक, अमुक व अमुक या तीन दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही समक्ष पाहिले असता गरम आहार मिळाला नव्हता. खोलीत वीजजोडणी नाही. तरी याबाबत काय कार्यवाही केली ते लेखी कळवावे.’ खाली पाच पालकांच्या सह्या. आपल्या प्रतीवर पोच, शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. एकट्याने अर्ज केला की त्याची ‘वैयक्तिक तक्रार’ होते आणि ताई-तुमच्यात वितुष्ट येतं; पाच सह्यांनी ते टळतं. पोषण ट्रॅकरशी निगडित अडचणींसाठी हेल्पलाइनही आहे.

महिनाभरात काहीच हललं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, ही महाराष्ट्राच्या नियमातली मर्यादा आहे. ‘अंगणवाडीत गैरकारभार का चालतो?’ असा प्रश्न विचारला तर उत्तर येत नाही. ‘गेल्या सहा महिन्यांचे मासिक प्रगती अहवाल आणि आहार पुरवठ्याची देयके यांच्या प्रती द्याव्यात’ असं विचारलं तर तीस दिवसांत कागद द्यावे लागतात. त्यात रोजची हजेरी पस्तीस आणि तुमच्या वहीत अकरा असेल, तर पुढचं बोलणं सोपं होतं. आम्ही हे एकदाच केलं. कार्यालयाने नीट उत्तर दिलं नाही, पण अर्ज गेल्याच्या पुढच्या आठवड्यात वजनकाटा नवा आला.

पट वाढवायचा तर

‘अंगणवाडी’ हा शब्दच पटाच्या अडचणीतून आला आहे. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९४५ मध्ये त्यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

तेव्हा येत नसलेल्या मुलांच्या अंगणात जा. आम्ही ताईंच्या सर्वेची यादी घेतली आणि तीन बायका, दोन पुरुष असे संध्याकाळी घरोघर फिरलो. ‘का पाठवत नाही?’ हा प्रश्न लोकांना आरोपासारखा लागतो. ‘मूल सकाळी कुठं असतं?’ असं विचारल्यावर उत्तरं आली. एका घरी आई मजुरीला लवकर जाते, पोचवायला कुणी नाही. एका घरी मूल अजून चड्डीत शी करतं म्हणून लाज. दोन घरांना मधला हमरस्ता नको होता. बाकी बऱ्याच जणांचं एकच म्हणणं: तिथं शिकवत नाहीत.

पहिल्या तिघांवर उपाय निघाला. मदतनीसताई एका ठरलेल्या ओट्यावरून मुलं गोळा करून एकत्र रस्ता ओलांडू लागल्या. शेवटच्या कारणावर बोलून उपयोग नव्हता, दाखवावं लागलं. महिन्याच्या अखेरच्या शनिवारी पालकांना अर्धा तास बोलावलं. मुलांनी बिया रंगांप्रमाणे वेगळ्या केल्या, एका मुलीने चित्र बघून गोष्ट सांगितली, तीन मुलांनी भाजीवाला-गिऱ्हाईक खेळत पाच-पाच रुपयांचा हिशेब केला. मुलांना व्हॅनने नर्सरीत पाठवणाऱ्या दोन आया मागे उभ्या होत्या. जूनमध्ये त्यातली एक आली, एक नाही आली.

सगळ्यात मोठी गळती चार-साडेचारला होते, जेव्हा लोकांना वाटतं की आता ‘केजी’ केली नाही तर पहिलीत घेणार नाहीत. हे तोंडी आणि फलकावर दोन्हीकडे सांगा: पहिलीच्या प्रवेशाला केजीचं प्रमाणपत्र लागत नाही आणि शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमानुसार शाळेला मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा, मुलाखत घेता येत नाही.

पहिलीकडे जाताना

शेवटच्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये जवळच्या शाळेच्या पहिलीच्या बाईंना एकदा अंगणवाडीत बोलवा, किंवा मुलांना घेऊन शाळेत जा. वर्ग, संडास, पाण्याचा नळ मुलांनी पाहिलेला असला की जूनचं रडणं निम्मं होतं. २०२२ पासून शाळांत ‘पहिले पाऊल’ हा शाळापूर्व तयारीचा मेळावा होतो. तिथे आईच्या हातात कार्ड देतात आणि मुलाला उड्या मारायला, वस्तू मोजायला, चित्राबद्दल बोलायला लावतात. आमचा धाकटा तिथे शेळीबद्दल इतकं बोलला की मागची रांग थांबली.

ताईंकडून निघताना दोन गोष्टी घ्या: वजन-उंचीच्या नोंदी असलेलं कार्ड, आणि पाच ते सहा वर्षांच्या मधला त्रिगुणी लसीचा (डीपीटीचा) बूस्टर झाला आहे की नाही याची खात्री. नसेल झाला तर पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मुलाला तिथेच घेऊन या. शाळा सुरू झाली की तो बूस्टर हमखास राहून जातो.